‘स्थानिक’ आणि ‘व्यावसायिक’ : कबड्डीतल्या दोन शब्दांविषयी

महाराष्ट्रातील कबड्डी स्पर्धांच्या पत्रकांत पुरुषांचे संघ पुष्कळदा दोन गटांत विभागलेले असतात : ‘स्थानिक’ आणि ‘व्यावसायिक’. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला यातला दुसरा शब्द नाट्येतिहासातून परिचित आहे. तिथे त्याची जोडी ‘हौशी’ या शब्दाशी लागते. कबड्डीत मात्र व्यावसायिकाच्या समोर हौशी उभा नाही, स्थानिक उभा आहे. पैसा घेणारा आणि न घेणारा असा हा भेद नसून गावाचा किंवा गल्लीचा खेळाडू आणि कचेरीचा खेळाडू असा तो भेद आहे. गंमत अशी, की १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या राष्ट्रीय महासंघाने स्वतःच्या नावातच ‘ॲमॅच्युअर’ हा शब्द घेतला होता. म्हणजे आपण ज्यांना व्यावसायिक म्हणत आलो ते संघदेखील कागदोपत्री हौशीच होते. या विसंगतीत एक सामाजिक इतिहास दडलेला आहे, आणि तो सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्याला वगळून सांगता येत नाही.

हुतूतूचे नियम ठरवण्याचे श्रेय साताऱ्याला, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याला आणि बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याला दिले जाते. १९२३ साली बडोद्याला भरलेली अखिल भारतीय स्पर्धा आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी केलेले प्रात्यक्षिक हे टप्पे सर्वज्ञात आहेत. त्यांची उजळणी इथे करीत नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच, की संजीवनी, गामिनी आणि अमर या तीन प्रकारांपैकी बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो तो संजीवनी प्रकार पुढे रूढ झाला, आणि खेळाच्या संघटनेचा पाया ‘मंडळ’ हा राहिला. क्लब हा शब्दही वापरात होता, अजून आहे. पण क्लबला सभासद लागतात आणि मंडळाला वस्ती लागते. गणपती, पूजा, व्यायामशाळा, वाचनालय आणि कबड्डीचा संघ या साऱ्यांचे कार्यकारी मंडळ एकच असे. वर्गणीची पावतीही एकच.

मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनाऱ्याच्या आणि कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या आतल्या तालुक्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्याने ही मंडळे लालबाग, परळ, प्रभादेवी, डिलाईल रोड इथे नेली असे म्हणण्यापेक्षा, ती दोन्हीकडे उभी केली असे म्हणणे अधिक अचूक होईल. गावच्या माणसांची खोली, तिच्या जवळची व्यायामशाळा आणि चाळीच्या मधले मातीचे मैदान हा मुंबईतला त्रिकोण होता. गावाकडे भातकापणी झाली की मळा मोकळा होई. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होत, दशावतारी मंडळ्या बाहेर पडत, आणि हुतूतूचे डावही त्याच दिवसांत रंगत. शिमगा आणि मे महिना आला की मुंबईचे खेळाडू गावात उतरत. मुंबईत शिकलेली पकड अशी मालवणी मातीत येई, आणि गावातला चिवट दमाचा एखादा मुलगा पुढच्या जून महिन्यात मुंबईच्या खोलीवर दाखल होई. या ये-जा करण्याला कुणी क्रीडाधोरण म्हटले नाही, पण काम ते धोरणाचेच करीत होते.

आता ‘व्यावसायिक’ कुठून आले ते पाहू. इथे एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. उत्तर इंग्लंडमध्ये रग्बी खेळणारे पुष्कळसे लोक खाणीत आणि कापडगिरण्यांत राबणारे होते. शनिवारी सामना खेळायचा तर त्या दिवसाची मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी की नाही, एवढ्याच प्रश्नावर १८९५ साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले आणि रग्बीचे दोन खेळ झाले. ज्यांना मजुरीची चिंता नव्हती त्यांनी हौशीपणाचे सोवळे पुढे शंभर वर्षे, १९९५ पर्यंत, पाळले. मुंबईच्या गिरणगावातही प्रश्न तोच होता. फक्त उत्तर निराळे निघाले. खेळाडूला खेळाचे पैसे द्यायचे नाहीत. त्याला नोकरी द्यायची, सरावाला आणि स्पर्धेला रजा द्यायची. रेल्वे, बंदर, बँका, तेल कंपन्या, पोलीस, एअर इंडिया, महिंद्र असे संघ या मार्गाने उभे राहिले. कागदावर तो कारकून, हमाल किंवा शिपाई, मैदानावर कोपरारक्षक. हौशीपणाचे तत्त्व शाबूत राहिले आणि घरी मनीऑर्डरही गेली. आमच्या मते हा ढोंगीपणा नव्हता. ती एक शहाणी तडजोड होती.

तडजोडीला किंमत होतीच. कचेरीच्या संघात निवड झालेला खेळाडू मंडळाच्या सामन्याला किती हजर राहणार, आणि मंडळाच्या मैदानात गुडघा दुखावला तर रजा कुणी द्यायची, या गोष्टींवरून कुरबुर असे. नोकरीच्या आशेने मुले एका मंडळातून दुसऱ्यात जात, मंडळे एकमेकांचे खेळाडू पळवीत. कचेरीच्या संघापुढे स्थानिक संघ टिकणार नाहीत म्हणून तर गट वेगळे करावे लागले. तेव्हा मंडळांच्या काळाविषयी उमाळा आणून बोलणाऱ्यांनी हेही सांगावे, की त्या मैदानांत पुढाऱ्यांचे फलक होते, विमा नव्हता, आणि पंचावर धावून जाणारे प्रेक्षक होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचे आयुष्य उलथले. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. गिरण्या गेल्या, हळूहळू चाळी गेल्या, चाळींमधली माती गेली. कचेऱ्यांचे संघ आणखी काही वर्षे तग धरून राहिले. पुढे तिथेही भरती आटली. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. संघ नावाने उरला तरी त्याच्यामागची कायम नोकरी पूर्वीसारखी उरली नाही.

म्हणून २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, तेव्हा तिने एखादी निरोगी व्यवस्था मोडली असे म्हणता येत नाही. मोडत आलेल्या घरात ती शिरली. पहिल्या लिलावात राकेश कुमारला मिळालेली सर्वाधिक बोली १२.८० लाखांची होती. २०१८ साली मोनू गोयतची बोली १.५१ कोटींवर गेली, आणि २०२३ साली पवन सेहरावतची २ कोटी ६० लाखांच्या पुढे. आंबोलीचा घाट चढून गेले की लागणाऱ्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये १.४५ कोटी मिळाले. ज्या मुलाच्या वडिलांच्या पिढीला कारकुनाची जागा हेच शिखर होते, त्याला हा आकडा ऐकून मंडळाची निष्ठा सांगणे हे आम्हांला जमणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्यातही लीगच्या सरावाचा वाटा होता.

तरी खरा संघर्ष पैशाचा नाहीच, दिनदर्शिकेचा आहे. पहिला मोसम पावसाळ्यात, बंदिस्त सभागृहात, जेमतेम पाच आठवड्यांत आटोपला. कोकणातली मैदाने तेव्हा चिखलात होती, त्यामुळे कुणाचे काही अडले नाही. २०१६ मध्ये जानेवारीअखेर ते मार्च असा एक मोसम झाला. २०१८ चा मोसम ऑक्टोबरात सुरू होऊन पुढच्या जानेवारीत संपला, २०२३ चा डिसेंबरपासून १ मार्चपर्यंत चालला. हेच कापणीनंतरचे, जत्रांचे महिने. लीग मळ्यात उतरली नाही. तिने फक्त मळ्याचे दिवस घेतले. प्रेक्षक घरात पडद्यासमोर बसला आणि बरा खेळाडू सराव शिबिरात गेला. त्यातच चटई आली, बूट आले, तीस सेकंदांची चढाई आणि गुण मिळवलाच पाहिजे अशी तिसरी चढाई आली. मातीवर अनवाणी खेळणाऱ्याचे पाय वेगळ्या तऱ्हेने टेकतात. चटईवर शिकलेला आणि मातीवर वाढलेला यांत आता डावापेक्षा पावलाचा फरक आधी दिसतो.

आणखी एक फरक नावांचा. वालावलकर, मोचेमाडकर या दशावतारी मंडळ्या पोटासाठी गावोगाव हिंडल्या, त्या अर्थाने त्या पुरत्या व्यावसायिक. पण गाव त्यांच्या नावातून सुटले नाही. कचेरीच्या संघातला खेळाडूही अमक्या मंडळाचा म्हणूनच ओळखला जाई. यू मुंबा किंवा पुणेरी पलटण यांच्या नावांत शहर आहे, खेळाडू मात्र लिलावाने कुठूनही येतो आणि पुढच्या लिलावात कुठेही जातो. त्याच्या पहिल्या मंडळाचे नाव समालोचनात आले तर तो योगायोग. मंडळाला या व्यवहारातून काय मिळावे हा प्रश्न अजून कुणी नीट मांडलेलाच नाही. फुटबॉलमध्ये खेळाडू घडवणाऱ्या लहान क्लबाला हस्तांतराच्या रकमेतला वाटा देण्याची जागतिक पद्धत आहे. तिच्या धर्तीवर जिल्हा संघटनांनी काही मागितले असते तर ती मागणी उमाळ्यापेक्षा जड ठरली असती.

मुलींच्या बाबतीत तर हा सगळा वादच अजून पोचलेला नाही. २०१२ साली पाटण्याला भारताच्या महिलांनी पहिला विश्वचषक जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या आणि राज्य सरकारने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. २०१६ मध्ये लीगने तीन संघांची महिला स्पर्धा एकदा भरवून पाहिली, नंतर ती पुन्हा झाली नाही. त्यामुळे कणकवलीच्या किंवा मालवणच्या शाळेत आज चढाई शिकणाऱ्या मुलीच्या लेखी ‘व्यावसायिक’ या शब्दाचा अर्थ अजून जुनाच आहे : पोलिसांत, रेल्वेत किंवा बँकेत एक जागा, आणि स्पर्धेपुरती रजा.