कोंकणांतील बेने इस्रायलांचें स्वयंपाकघर: एक उपेक्षित साधन

कोंकणांतील बेने इस्रायल लोकांच्या पूर्वेतिहासाचा विचार करूं जाणाऱ्यास पहिली अडचण पडते ती लेखी साधनांची. नौगांवच्या किनाऱ्यापाशीं गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि त्यांजपासून ही ज्ञाति वाढली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. परंतु तीस दुजोरा देणारा समकालीन ताम्रपट किंवा शिलालेख उपलब्ध नाहीं. सार्टोरियस या मिशनऱ्यानें केलेला उल्लेख इ. स. १७३८ चा. कोचीनचे यहेज्केल राहबी यांनीं १७६८ सालीं हॉलंडास लिहिलेल्या पत्रांत हे लोक तेल गाळणारे, शनिवार पाळणारे व 'शमा' ही प्रार्थना जाणणारे म्हणून येतात. 'शनिवार तेली' हें त्यांचें गांवोगांवचें नांव याच गोष्टीची साक्ष देतें. त्यापूर्वींचा कागद शोधूं गेल्यास हात रिकामे राहतात. अशा स्थितींत कागदापलीकडील एका साधनाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. तें साधन म्हणजे या ज्ञातीचें स्वयंपाकघर.

याचें महत्त्व त्यांच्या परंपरेनेंच सुचविलें आहे. हाईम शमुवेल केहिमकर (१८३०–१९०८) यांनीं १८९७ सालीं लिहिलेला व १९३७ सालीं तेल अवीव येथें प्रसिद्ध झालेला या ज्ञातीचा इतिहास अभ्यासकांस परिचित आहे. डेव्हिड राहबी नांवाच्या पुरुषानें या लोकांची परीक्षा पाहण्यासाठीं स्त्रियांपुढें निरनिराळे मासे ठेविले. त्यांनीं खवले व पर असलेले तेवढेच रांधावयास घेतले, आणि हे आपलेच बांधव अशी त्याची खात्री पटली, अशी कथा आहे. राहबीचा काळ वादग्रस्त आहे व कथा ही कथाच आहे. तथापि पोथी नव्हती तेथें टोपलींतील मासा प्रमाण मानला गेला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आतां या प्रमाणाची छाननी कशी करावी? नारळ, तांदूळ, कोकम, पुरणपोळी, करंजी हे पदार्थ बेने इस्रायलांच्या घरीं आहेत तसे त्यांच्या सर्व शेजाऱ्यांच्या घरींही आहेत. यांवरून कोंकणवास सिद्ध होतो, त्यापलीकडे कांहीं नाहीं. खरा पुरावा आहे तो जें घेतलें त्यांत नसून जें घेतलें नाहीं त्यांत आहे. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी हें या किनाऱ्याचें नित्याचें अन्न. तें डोळ्यांपुढें असतां वर्ज्य राहिलें. मांस व दूध एकत्र न करण्याचा मोशेच्या शास्त्राचा दंडक पाळावयाचा, तर कालवण दाट कशानें करावें व मांसाच्या जेवणामागून गोड काय वाढावें, हे प्रश्न उरतात. दोन्ही नारळानें सोडविले. नववर्षाच्या सणाचा चिकाचा हलवा गव्हाचा चीक व नारळाचें दूध यांचा करितात. शब्बाथाच्या आशीर्वादास द्राक्षारस हवा; येथें द्राक्षारस दुर्मिळ, म्हणून काळे मनुके भिजवून त्यांचें सरबत आलें. नियम बाहेरचा व त्याची पूर्तता येथली, असे हे दुहेरी पदार्थच आमच्या मतें विशेष मोलाचे होत.

याहून बोलका पुरावा सणांच्या जुन्या मराठी नांवांचा आहे. केहिमकरांनीं नोंदलेल्या नांवांत तिश्री महिन्यांतील 'खिरीचा सण' आहे. त्यास नव्या धान्याची नारळाच्या रसांतील खीर करीत, आणि येथें शेजाऱ्यांच्या नवान्नाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. आव महिन्यांतील मंदिरनाशाच्या दुखवट्यास 'बिरड्याचा सण' म्हणत. वल्हांडणाचें नांव तर 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे अनास नांवाच्या आंबट तोंडीलावण्याचें भांडें झांकून ठेवण्याचा सण. या नांवांत मिसर देशांतून झालेल्या सुटकेचा उल्लेखही नाहीं. परंतु आंबलेलें त्या दिवसांत दूर ठेवावयाचें, हा विधीचा गाभा भांड्याच्या झांकणाबरोबर टिकला. इतिहास विसरला गेला, आचार उरला. उलट एलियाहू हन्नबीच्या नांवें करावयाच्या मलिद्याचें नांव फारसी, मुसलमान शेजाऱ्यांच्याही वापरांतलें. पदार्थ मात्र पोहे, गूळ व खोबरें यांचा. एका ताटांत तीन परंपरा बसल्या आहेत.

पुढें शास्त्राचें शिक्षण वाढलें व मूळ हिब्रू नांवें परत आलीं. १८७४ सालीं पुण्यास छापलेल्या मराठी हग्गादांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रियांचें चित्र आहे. त्या लुगडीं नेसून जमिनीवर बसलेल्या दाखविल्या आहेत. या संक्रमणाचा असा छापील पुरावा दुसरा क्वचितच सांपडेल.

मर्यादाही सांगितली पाहिजे. स्वयंपाकघरावरून आगमनाचा शक ठरत नाहीं, आणि मागाहून आलेल्या शिक्षकांनीं कोणता आचार नव्यानें घालून दिला हें प्रत्येक ठिकाणीं वेगळें काढितां येत नाहीं. म्हणूनच जुनीं नांवें व जुने पदार्थ यांची नोंद तपशीलवार हवी. १९४८ नंतर या ज्ञातीचा मोठा भाग इस्राएलांत गेला. तेथें १९६२ सालीं धर्मपीठानें त्यांच्या वंशाविषयीं चौकशीचे निर्बंध घातले. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ सालीं ते निःसंशय यहुदी असल्याचें मान्य झालें. वंशाचा कागद मागणारांपुढें जो कागद नव्हता, त्याच्या जागीं पिढ्यानपिढ्यांचा आचार उभा होता.

बखरी व दफ्तरें जमविणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, अलिबाग, पेण, मुंबई येथील जुन्या घरांतून पोथ्या घेतांना पाककृतींच्या वह्याही रद्दींत जाऊं देऊं नयेत, आणि ज्या वृद्ध स्त्रियांनीं कांहींच लिहून ठेविलें नाहीं त्यांचें सांगणें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. दफ्तर पुढल्या वर्षीं पाहतां येईल. हें साधन तोंवर थांबेलच असें नाहीं.