सनद, नोंदणी आणि परवाना : मधुमेह-शिक्षकाच्या अधिकाराचा प्रश्न

रोग्यास पथ्य व उपचार सांगण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मराठी समाजाने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या शब्दांनी दिले आहे. सनद, नोंदणी व परवाना हे त्यांतील तीन प्रमुख शब्द होत. पहिला मूळचा अरबी असून फारसीच्या द्वारे मराठीत आला, तिसरा फारसी, मधला ‘नोंद’ या रूढ शब्दापासून सिद्ध झालेला. बोलण्यात ते एकमेकांच्या जागी येतात. परंतु त्यांमागील कल्पना भिन्न आहेत. सनद किंवा प्रमाणपत्र ज्ञानाची साक्ष देते. नोंदणी उपाधीस संरक्षण देते. परवाना आवश्यक ठरला म्हणजे त्यावाचून ते कर्मच निषिद्ध होते. मधुमेह-शिक्षक या नव्या व्यवसायाचा विचार करताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

मुंबई इलाख्यात पाश्चात्य वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदणी 1912 च्या कायद्याने सुरू झाली. परिचारिका व सुइणी यांच्यासाठी 1935 मध्ये, तर वैद्य व हकीम यांच्यासाठी 1938 मध्ये कायदे झाले. पुढे महाराष्ट्र राज्याने 1961, 1965 व 1966 मध्ये या क्षेत्रांत स्वतःचे कायदे केले. त्यांपैकी 1961 च्या कायद्याने नोंदणीवाचून वैद्यकी करणे हा अपराध ठरविला. तथापि पूर्वीपासून व्यवसाय करणाऱ्या काहींसाठी स्वतंत्र सूचीची सोयही ठेवली. यावरून एक सूत्र स्पष्ट होते : व्यवसाय आधी रूढ होतो, कायदा मागाहून येतो, आणि येताना त्याला रूढीशी तडजोड करावी लागते.

मधुमेह हा शब्द प्राचीन आहे. आयुर्वेदाच्या संहितांत वीस प्रमेहांमध्ये त्याची गणना होते. मात्र त्याचा ‘शिक्षक’ आधुनिक आहे. टोरोंटो येथे 1921 मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि एक वैद्यकीय कर्म रोज रोग्याच्या घरी होऊ लागले. ते शिकविणे क्रमप्राप्तच होते. बोस्टन येथील डॉक्टर जॉस्लिन यांनी याच कामासाठी परिचारिका तयार केल्या. अमेरिकेत मधुमेह-शिक्षकांची संघटना 1973 मध्ये व परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारे मंडळ 1986 मध्ये स्थापन झाले. केंटकी राज्याने परवान्याचा कायदा केला तो 2011 मध्ये. म्हणजे प्रमाणपत्रापासून परवान्यापर्यंत पोचण्यास पंचवीस वर्षे लागली.

भारतात संसदेने 2021 मध्ये संलग्न आरोग्य-व्यवसायांसाठी आयोग स्थापन करणारा कायदा केला व आहारतज्ज्ञांचा त्यात समावेश केला. महाराष्ट्रात मधुमेह-शिक्षकासाठी मात्र स्वतंत्र परवान्याचा कायदा नाही. हे काम डॉक्टर, परिचारिका व आहारतज्ज्ञ आपापल्या नोंदणीच्या आधारे करतात. अन्य व्यक्तीपाशी असते ते केवळ प्रमाणपत्र.

हा भेद कागदी नाही, हे 2014 मध्ये ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील दांडीसारख्या किनाऱ्यावरील गावाचा विचार केला असता कळून येते. भारतात इन्सुलिनच्या कुप्या दर मिलिलिटरला 40 व 100 एकक अशा दोन्ही शक्तींत मिळतात व प्रत्येकीची पिचकारी निराळी असते. 100 एककांचे इन्सुलिन 40 च्या पिचकारीने त्याच आकड्यापर्यंत भरल्यास मात्रा अडीचपट होते. पहाटे होडीवर जाणाऱ्याच्या हातून ही चूक झाली, तर रक्तातील साखर भर समुद्रात उतरेल. याच्या उलट घडल्यास मात्रा दोन-पंचमांश राहते व रोग नकळत बळावतो. अशी चूक टाळण्यास शिकविणारी व्यक्ती अज्ञ असून चालणार नाही. पण परवान्याची अट इतकी कडक झाली की गावात शिकविणारेच कोणी उरले नाही, तर रोगी शेजाऱ्याच्या सल्ल्यावर विसंबेल. दोन्ही बाजूंचा धोका सारखाच खरा आहे.

म्हणून कर्मांची विभागणी हाच मार्ग युक्त दिसतो. मात्रा ठरविणे व बदलणे हे नोंदणीकृत डॉक्टरांकडेच राहावे. पिचकारी ओळखणे, पायांची निगा, जेवणाच्या वेळा व साखर उतरल्याची लक्षणे शिकविण्यास परीक्षित प्रमाणपत्र पुरेसे मानावे, आणि आशा कार्यकर्तीसही ते मिळविता यावे. मात्र ती परीक्षा मराठीत असावी. आणि मांगेली वा वाडवळी बोलणाऱ्या घरात सांगितलेले समजले की नाही, हे त्या घरच्या माणसाकडून करवून घेऊन तपासण्याची क्षमता तीत पारखली जावी. रोग्यास न समजलेली सूचना कितीही अधिकृत असली, तरी तिने त्याचे रक्षण होत नाही.