चापाची एक क्रिया

अमेरिकेतील ‘बंप स्टॉक’चा खटला शस्त्र बाळगण्याच्या घटनादत्त हक्कावर लढला गेला, हा समज चुकीचा आहे. वाद होता १९३४ च्या कायद्यातील व्याख्येचा: चापाच्या एकाच क्रियेने आपोआप अनेक गोळ्या झाडते ती मशीनगन.

बंप स्टॉक हा सरकता दस्ता. गोळीच्या धक्क्याने बंदूक मागेपुढे सरकते आणि स्थिर बोटावर चाप पुन्हापुन्हा आदळतो. २०१७ च्या लास व्हेगास हत्याकांडात तो वापरला गेल्यावर ट्रम्प प्रशासनाने, सरकारचीच जुनी भूमिका फिरवून, त्याला मशीनगन ठरवले. मालकांना तो नष्ट किंवा जमा करणे भाग पडले.

१४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो नियम रद्द केला. न्या. थॉमस यांनी निकालपत्रात चापयंत्रणेच्या आकृत्याच छापल्या; इतका तो प्रश्न यंत्राचा होता. न्या. अलिटो यांनी सहमतीतच सुचवले, की काँग्रेसने कायदा बदलावा.