जुन्या मोटारसायकलींचे खोगीर आणि रायगड किनाऱ्यावरील चर्मकाम

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारसायकलीची बैठक म्हणजे वस्तुतः खोगीरच : लोखंडी सांगाडा, स्प्रिंगा आणि त्यांवर ताणलेले जाड कातडे. पुढे रेक्झिन-फोमच्या गाद्या आल्या आणि आरीने कातडे शिवणारा कारागीर मागे पडला. अलिबाग-मुरूडच्या खाऱ्या, दमट हवेत कातड्याला बुरशी आणि स्प्रिंगांना गंज लवकर धरतो. दुरुस्तीची निकड म्हणूनच येथे अधिक. परंतु देशावरील चर्मकाराचा हात चामडी मोटेमुळे जाड कातड्यावर बसला, तर अष्टागरातील बागांना पाणी रहाटाचे होते. समाजाने ज्या कामाला हीन लेखले, त्याच्याच जाणकाराची आता शोधाशोध होते. विशेष हे की, याच जिल्ह्यातील माथेरानात, जेथे मोटारसायकलीला प्रवेशच नाही, तेथे घोड्यांमुळे खोगीर अद्याप नित्याच्या वापरात आहे.