प्रौढ वयात मानसिक आरोग्य परिचर्येचे शिक्षण : आजरा परिसरातील भाविकांसाठी माहिती

मनोरुग्णांची सेवा हे ख्रिस्तसभेचे जुने सेवाकार्य आहे. संत जॉन ऑफ गॉड (१४९५–१५५०) यांनी सैनिक, मेंढपाळ व पुस्तकविक्रेता अशी कामे केली होती. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना वेडा समजून स्पेनमधील ग्रॅनाडा येथील इस्पितळात डांबण्यात आले. मनोरुग्णांना होणारी मारहाण तेथे त्यांनी स्वतः सोसली. बाहेर आल्यावर त्यांनी त्याच शहरात रुग्णांसाठी घर उघडले. संत कमिलस वयाच्या बत्तिशीत शाळकरी मुलांसोबत बाकावर बसून शिकले. पोप अकरावे पायस यांनी १९३० साली या दोघांना परिचारिकांचे आश्रयदाते संत घोषित केले. दोघांनाही हे पाचारण उशिरा लाभले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

गरज

आजरा हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ तालुका आहे. येथील अनेक तरुण नोकरीसाठी मुंबई-पुण्यास जातात व घरी वृद्ध मंडळी राहतात. नैराश्य, व्यसन, स्मृतिभ्रंश यांचा भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो. राज्यातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. पैकी रत्नागिरीचे रुग्णालय १८८६ सालचे आहे. म्हणजे आजऱ्याच्या रुग्णाला घाट उतरून जावे लागते. तालुक्यातच प्रशिक्षित परिचारिका असेल, तर औषधे नियमित चालू राहतात आणि आजार बळावण्यापूर्वी तो ओळखता येतो.

शिक्षणाचा मार्ग

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २०१८ पासून अमलात आहे. या कायद्यानुसार सामान्य परिचर्या किंवा मनोरुग्ण परिचर्या यांची मान्यताप्राप्त पदविका अथवा पदवी घेऊन राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली व्यक्ती मानसिक आरोग्य परिचारिका ठरते.

नेहमीचा मार्ग ३ वर्षांच्या जीएनएम पदविकेचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रम-नियमांत त्यासाठी इंग्रजी विषयासह बारावी व किमान ४० टक्के गुण ही अट आहे. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांनाही संधी आहे. स्त्री-पुरुष दोघेही पात्र आहेत. मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय दुसऱ्या वर्षी येतो. ४ वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी मात्र विज्ञान शाखा लागते.

पुढे विशेष शिक्षण हवे असल्यास १ वर्षाची मनोरुग्ण परिचर्या पदविका आहे. तिच्यासाठी नोंदणी व १ वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. बंगळूर येथील आजच्या निम्हान्स संस्थेत हे शिक्षण १९५६ साली सुरू झाले.

वयाची अट

या नियमांत जीएनएम प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ वर्षे आहे. एएनएम झालेल्या भगिनींना मात्र ही अट नाही. त्यामुळे गावपातळीवर अनेक वर्षे सेवा केलेली एएनएम भगिनी चाळिशीतही पुढे शिकू शकते. ज्यांनी पूर्वी कोणतेही परिचर्या शिक्षण घेतले नाही, त्यांनी मुले मोठी होईपर्यंत थांबण्याचा विचार करताना स्वतःचे वय मोजून पाहावे. ३१ व्या वर्षी प्रवेश घेतल्यास जीएनएमची ३ वर्षे, अनुभवाचे १ व विशेष पदविकेचे १ अशी ५ वर्षे धरून ३६ व्या वर्षी शिक्षण पूर्ण होते. प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता व त्या वर्षीची प्रवेश-सूचना तपासावी. मान्यता नसलेल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही.

पस्तिशीनंतर

ज्यांची वेळ निघून गेली, त्यांनी निराश होऊ नये. २५ ते ४५ वयोगटातील विवाहित, विधवा वा घटस्फोटित भगिनींना आपल्या गावात आशा स्वयंसेविका म्हणून काम करता येते. १४४१६ ही टेलिमानस दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. तिची माहिती घरोघरी पोहोचविणे हेही सेवाकार्यच होय.

कुटुंबाची जबाबदारी

घरची सून किंवा आई शिकायला निघते, तेव्हा तिचे काम कोणीतरी उचलावे लागते. पती, सासू-सासरे व धर्मग्रामातील शेजारी यांनी ते वाटून घेतले, तरच ही ३ वर्षे पार पडतात. मनोरुग्णास साखळीने बांधणे आज कायद्याने निषिद्ध आहे, पण घरातील माणसांना दुसरा उपाय दाखविणारे कोणी जवळ असल्याशिवाय ती साखळी सुटत नाही. असे पाचारण ज्यांना जाणवत असेल, त्यांनी आपल्या धर्मगुरूंशी व कुटुंबीयांशी वेळीच बोलावे.