केशवरावांचे रंगमंदिर



बेळगावाहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची पिरनवाडी आहे. येथून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या शहरातील केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी वर्गात ही बातमी निघाली, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, हे केशवराव कोण?” ९ ऑगस्ट हा केशवरावांचा जन्मदिवस आणि त्याच दिवशी हा प्रश्न यावा, याचे मला वाईट वाटले. मुलाचा त्यात दोष नव्हता. आम्ही वडीलधाऱ्यांनी त्याला कधी सांगितलेच नव्हते.

ही वास्तू उभारली राजर्षी शाहू छत्रपतींनी. १९०२ साली महाराज विलायतेच्या प्रवासास गेले असता त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले. कुस्तीसाठी तसे मैदान आपल्या नगरीत असावे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान तयार झाले. मल्लांची सोय झाली, मग कलावंतांनी काय करावे? खासबागेच्या शेजारीच १९१३ च्या ऑक्टोबरात नाट्यगृहाचे काम सुरू झाले आणि १९१५ च्या ऑक्टोबरात ते पुरे झाले. त्याचे मूळ नाव ‘पॅलेस थिएटर’. एका बाजूस आखाडा व दुसऱ्या बाजूस रंगभूमी, अशी शेजारधर्माची ही रचना महाराजांची दृष्टी दाखविते. शरीराचे बळ आणि मनाचे रंजन या दोन्ही गोष्टी प्रजेच्या गरजेच्याच आहेत, असे ते मानीत.

ज्यांचे नाव पुढे या वास्तूस मिळाले, ते केशवराव भोसले १८९० साली कोल्हापुरात जन्मले. घरची गरिबी होती. कोवळ्या वयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. या देवलांचे शिक्षण आमच्या बेळगावात झालेले असून काही काळ त्यांनी तेथे अध्यापनही केले होते. पुढे १९०८ च्या जानेवारीत केशवरावांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली, तीही हुबळीस! वय अवघे सतरा वर्षांचे. मराठी रंगभूमीची एक थोर संस्था कानडी मुलखात जन्मास आली, हे सीमेवर राहणाऱ्या आपण तरी विसरू नये.

याचे नवल वाटण्याचे कारण नाही. कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहूनच विष्णुदास भावे यांना १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रचण्याची प्रेरणा मिळाली. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे गाव गुर्लहोसूर; तेही कानडी मुलखातलेच. नाटक मंडळींच्या बैलगाड्या ज्या वाटांनी फिरल्या, त्यांना भाषेचे नाके ठाऊक नव्हते.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे नायक देशकार्यासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवरावांचे निधन झाले. वय एकतीस. मंडळीची धुरा बापूराव पेंढारकरांनी उचलली आणि ललितकलादर्शचे नाव पुढेही गाजत राहिले.

१९५७ साली नाट्यगृहाचे नूतनीकरण होऊन त्यास केशवरावांचे नाव देण्यात आले. राजाने बांधलेल्या घरावर एका गरीब घरच्या नटाचे नाव चढले. ज्या महाराजांनी आयुष्यभर माणसाच्या जन्मापेक्षा त्याच्या गुणांना मान दिला, त्यांना हे नामकरण आवडले असते, असे मला वाटते. पुढे कित्येक दशके गावोगावच्या हौशी मंडळींनी त्या रंगमंचावर पाऊल ठेवताना वाकून नमस्कार केला.

आगीत रंगमंच, छत, खुर्च्या भस्मसात झाल्या. दर्शनी दगडी भिंती मात्र उभ्या राहिल्या. वास्तू पूर्वीसारखीच बांधण्याचा संकल्प झाला आणि कामही सुरू झाले. ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि दगड, लाकूड आणि पैसा यांनी भिंती उभ्या राहतात. प्रेक्षागृह भरते ते माणसांनी. आपल्या गावच्या शाळेत, देवळाच्या वा चर्चच्या पटांगणात मुले नाटक करीत असतील, तर तेथे जाऊन पुढच्या रांगेत बसणे एवढे तरी आपल्या हाती आहेच.

त्या मुलाला मी त्या दिवशी केशवरावांची ही हकीकत सांगितली. पुढच्या गॅदरिंगला त्याने नाटकात काम मागितले. तूर्त त्याच्या वाट्यास भालदाराची भूमिका आली आहे.