दिवसाला एक पौंड

घरात तंगीचे दिवस आले की कात्री प्रथम कशाला लागते? मुलांच्या दुधाला नव्हे, शाळेच्या फीलाही नव्हे. ती लागते सहलीला, नाटकाला, नव्या लुगड्याला. घराचे जे, तेच देशाचे. तेव्हा जगावर मंदीचे सावट पडले की चैनीचे धंदे सर्वांआधी बुडणार, असे कोणीही म्हणेल. परंतु केवळ मौजेखातर आगबोटीतून समुद्रावर हिंडून येण्याचा जो धंदा आहे, त्याचा इतिहास वेगळीच साक्ष देतो. १९२९ नंतरच्या महामंदीत हा धंदा बुडाला तर नाहीच. उलट त्याच काळात तो लक्षाधीशांच्या दिवाणखान्यातून बाहेर पडून कारकून-मास्तरांच्या आवाक्यात आला. हे घडले कसे आणि त्या स्वस्ताईचा भार कोणी वाहिला, हे पाहण्यासारखे आहे.

खरे म्हणजे मौजेची सफर जन्माला आली तीच रिकाम्या बोटीच्या पोटी. हिवाळ्यात अटलांटिक महासागर खवळलेला असतो. त्या दिवसांत युरोपातून अमेरिकेला जाणारे उतारू कमी होत आणि मोठमोठ्या बोटी धक्क्याला नुसत्या उभ्या राहत. हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन या हुशार अधिकाऱ्याने यावर तोड काढली. जानेवारी १८९१ मध्ये त्याने ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ हौशी उतारूंना घेऊन भूमध्य समुद्राच्या सफरीवर पाठवली. सुमारे दोन महिन्यांची ती सफर यशस्वी झाली आणि इतर कंपन्यांनी तिचा कित्ता गिरवला.

यामागचे गणित आपल्या मंडईतल्या भाजीवालीला पाठ असते. सकाळी मेथीच्या जुडीचा भाव ती पैशाने उतरवायची नाही; दिवेलागण झाली की तीच जुडी निम्म्या किमतीला देऊन टाकते, कारण उद्या ती जुडी कोणी घेणार नाही. बोटीतल्या बिछान्याचेही तसेच. बोट सुटली की रिकाम्या बिछान्याची किंमत शून्य. इकडे खलाशांचा पगार, इंधन, बंदराची पट्टी आणि कर्जाचे व्याज हा खर्च बोट भरलेली असो वा रिकामी, जवळजवळ सारखाच. म्हणून गिऱ्हाईक आटले की बोटवाला भाव उतरवतो. बोट बांधून ठेवणे त्याला त्याहून महाग पडते.

महामंदीत ही पाळी एकट्यादुकट्या कंपनीवर नव्हे, साऱ्यांवरच आली. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी परदेशांतून वस्तीला येणाऱ्यांची संख्या बांधून टाकली होती. त्यामुळे खालच्या वर्गाचा हुकमी उतारू आधीच गेला होता. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि वरच्या वर्गाचाही गेला. १९३० साली अटलांटिक ओलांडणारे उतारू सुमारे दहा लाख होते. पुढच्या चार-पाच वर्षांत ते निम्म्याहून कमी झाले. स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या गोदीत क्युनार्ड कंपनीची एक प्रचंड बोट बांधली जात होती. डिसेंबर १९३१ मध्ये पैशाअभावी ते काम थांबले आणि हजारो कामगार घरी बसले. सरकारने कर्ज दिले, पण क्युनार्डने व्हाइट स्टार या प्रतिस्पर्धी कंपनीशी एकत्र व्हावे या अटीवर. एप्रिल १९३४ मध्ये गोदीत पुन्हा हातोडे वाजू लागले. ‘क्वीन मेरी’ ती हीच.

तोवर ज्या बोटी हाताशी होत्या, त्यांचे काय करायचे? त्यांनी मिळेल ते काम पत्करले. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. पण परदेशी बोट किनाऱ्यापासून पुरेशी दूर गेली की तिथे तो कायदा लागू नसे. मग न्यूयॉर्कहून अशा सफरी निघू लागल्या, की ज्या कोठेच जात नसत! दोन-तीन दिवस समुद्रात फिरायचे, प्यायचे, नाचायचे आणि परत यायचे. एके काळी जर्मन कैसरच्या दिमाखाची खूण असलेली ‘बेरेंगारिया’ अशा स्वस्त सफरींना लागली, तेव्हा लोकांनी तिच्या इंग्रजी नावाची मोडतोड करून तिला सवलतीच्या मालाचे दुकान ठरवले. वेगाचा विक्रम सुमारे वीस वर्षे मिरवलेली ‘मॉरेटानिया’ अंगाला पांढरा रंग फासून उन्हाळी बेटांच्या वाऱ्या करू लागली आणि १९३५ मध्ये मोडीत निघाली. कॅनेडियन पॅसिफिकची ‘एम्प्रेस ऑफ ब्रिटन’ मात्र १९३१ साली बांधतानाच दुहेरी कामासाठी बांधली होती. हिवाळ्यात ती जगप्रदक्षिणेला निघे, तेव्हा तिच्या चार पंख्यांपैकी दोन काढून ठेवीत. एरवी वेग हे भूषण. सफरीत मात्र सावकाशीच बरी, आणि तेलही वाचते.

इंग्लंडात याला आणखी एका गोष्टीने हातभार लावला. सप्टेंबर १९३१ मध्ये पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सुटली, पौंड घसरला आणि परदेशी हॉटेलांत राहणे महाग झाले. ब्रिटिश बोटीवर मात्र खाणे, राहणे, गाणेबजावणे सारे पौंडातच मिळे. लँपोर्ट अँड होल्टच्या ‘व्हॅनडाइक’ आणि ‘व्होल्टेअर’ या बोटी १९३० पासून बांधून ठेवल्या होत्या. १९३२ मध्ये त्या सफरींसाठी बाहेर पडल्या. ‘दिवसाला एक पौंड’ हा भाव त्या काळी रूढ झाला. आपल्या तेव्हाच्या चलनात १३ रुपये ५ आणे ४ पै. शिक्षक, बँकेतले कारकून, लहान दुकानदार पैसे साठवून नॉर्वेचे डोंगर आणि मदेरासारखी बेटे पाहून येऊ लागले. कारखान्यातल्या कामगाराला मात्र आठवडाभर राबून सुमारे तीन पौंड मिळत; त्याच्यापर्यंत ही स्वस्ताई पोहोचली नाही.

या कथेत मुंबईचा आणि कोकणाचाही वाटा आहे. पी. अँड ओ. कंपनीची ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ १९२९ साली मुंबईच्या टपालमार्गासाठी आली. इकडे उन्हाळ्या-पावसाळ्यात गर्दी ओसरली की ती युरोपात मौजेच्या सफरी करी. या कंपनीच्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरात किनाऱ्याचे खलाशी असत. जेवणघरात शुभ्र कपड्यांत वाढणारे बहुधा गोव्याचे. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. बोट मिळेपर्यंत गोव्याचे हे तारवटी तेथे राहत. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, एवढे यांचे वेतन. मंदीने बोटी बांधल्या गेल्या की कुडीतला मुक्काम लांबे आणि गावाकडची मनिऑर्डर थांबे. सफरीचा भाव उतरवणे कंपनीला परवडले, त्याच्या अनेक कारणांत हे एक होते. जाहिरातीच्या रंगीत चित्रांत ते अर्थातच नसे.

पुढे विमाने आली, अटलांटिकच्या बोटींचे दिवस संपले, पण सफरींचा धंदा वाढतच राहिला. २००८ साली पुन्हा मोठी मंदी आली. कंपन्यांनी पुन्हा तोच मार्ग धरला: भाव पाडा, पण बिछाना रिकामा ठेवू नका. नफा घटला, तरी उतारू घटले नाहीत. तिकिटात सोडलेले पैसे बोटीवरच्या दारूत, जुगारात, दुकानांत आणि बंदरावरच्या सहलींत काही अंशी परत मिळत. तेजीच्या काळात, २००६ मध्ये मागवलेली ‘ओएसिस ऑफ द सीज’ ही पाच हजारांहून अधिक उतारूंची बोट ऐन मंदीत, डिसेंबर २००९ मध्ये पहिल्या सफरीला निघाली आणि चालली. २०१९ पर्यंत जगभरचे सफरी उतारू वर्षाला सुमारे तीन कोटींवर गेले.

मार्च २०२० मध्ये मात्र साथीमुळे बोटीच थांबल्या, तेव्हा भाव पाडण्याचा उपाय लागू पडणे शक्यच नव्हते. उतारू जमतील तसे घरी गेले. खलाशी आणि वाढपी महिनोन् महिने बोटींवर अडकून पडले. त्यांत सासष्टी-बारदेसचे आणि कोकणातलेही अनेक होते. त्या उन्हाळ्यात गोव्यातल्या कित्येक घरांना प्रथमच विचारावे लागले, की आपला माणूस नेमका कोणत्या समुद्रात आहे.

स्वस्त सफरीने सामान्य माणसाला समुद्र दाखवला, हे तिचे मोठे उपकार. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु भाव उतरतो, तेव्हा तो कोणाच्या तरी वेतनातून आणि कोणाच्या तरी नफ्यातून उतरत असतो. यांतला कोणाचा हिस्सा किती, हा हिशेब क्लाइडबँकच्या कामगाराने मागितला होता, कुडीतल्या तारवट्यानेही मागितला असता. तिकीट घेणाऱ्यानेही तो एकदा मागून पाहायला हरकत नाही.